मावशीने सोनाराला जीपीएसशी बोलतं केलं

मावशीला हसू आवरत नाही, याची नोंद तिच्या नोकरीच्या फायलीत आहे. टेलिफोन खात्यात ती केबल जोडायची. रस्त्याच्या कडेला खड्डा, खड्ड्यावर ताडपत्री, आत मांडी घालून बसलेली मावशी आणि तिच्या पुढ्यात चारशे जोड्यांची केबल, म्हणजे एका बाजूच्या आठशे तारा दुसऱ्या बाजूच्या आठशे तारांना गाठायच्या. एकतीस वर्षं हे काम केलं तिने. शेवटची जोडी जुळली आणि पलीकडून फोन वाजला की खड्ड्यातून खुदखुद ऐकू यायची, मग फिदीफिदी, आणि मग जाणारी-येणारी माणसं वाकून आत बघायची. एकदा कुणा मोठ्या साहेबांचं भाषण चालू असताना असं झालं. त्यांनी मेमो काढला, 'कामाच्या जागी अकारण हास्य.' मावशीने लेखी उत्तर दिलं, 'हास्य सकारण होते. फोन लागला होता.'

मी तिची शेजारीण. आमच्या मधे एक भिंत आहे, तीही खांद्याएवढी. ती निवृत्त झाली तेव्हा तांब्याच्या तारांचे दिवस संपत आले होते. लग्न राहून गेलं होतं, त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं, पण रिकामे हात तिला सोसेनात. तिने माझी दारावरची घंटा दुरुस्त केली, मग बिघडली नव्हती तरी पुन्हा एकदा उघडून बसली. तिची थोरली बहीण, तिचे यजमान आणि मुलगा गल्लीच्या टोकाला राहतात. त्या घरातला एकही पंखा तिने शिल्लक ठेवला नाही.

बहिणीच्या मुलाला सगळे कप्तान म्हणतात. शाळेत असल्यापासून म्हणतात, बोट तर पुढे कितीतरी वर्षांनी आली. बत्तीस फुटी मासेमारीची बोट, वडिलांकडून आलेली. ह्या वर्षी त्याने तिच्यावर दोन नवी यंत्रं बसवली. एक जीपीएस, म्हणजे आपण समुद्रात नेमके कुठे आहोत ते नकाशावर दाखवणारी पेटी. दुसरा सोनार. बोटीच्या तळाला वाटीएवढा काळा गोळा लावतात, तो खाली पाण्यात टकटक करतो, तळावरून परत आलेला आवाज ऐकतो आणि खोली किती, मधे मासे आहेत का, ते वरच्या पडद्यावर दाखवतो.

कप्तानचे वडील, म्हणजे मावशीचे भावोजी, ही खरेदी ऐकून म्हणाले, "बोटीवर सोनार कशाला? माशांना दागिने घडवायचेत?"

पेट्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या निघाल्या. बसवणारा टेक्निशियन आला, त्याने दोन्ही पेट्या शेजारी शेजारी लावल्या, वीज दिली, आणि कप्तानने विचारलं, "ह्या एकमेकींना जोडणार ना?" तर त्याने मान हलवली. म्हणाला, दोघींचं जमणार नाही, एकाच कंपनीचा जोड घ्यायला हवा होता.

कप्तानचा चेहरा उतरला. कारण खरी गंमत जोडण्यात होती. नुसता सोनार सांगतो, खाली खडक आहे. नुसता जीपीएस सांगतो, तू इथे आहेस. दोघं जोडले की एक बटण दाबायचं, आणि तो खडक त्या जागेसकट कायमचा नकाशावर बसतो.

त्या दुपारी तो मावशीकडे पंख्याचं पातं न्यायला आला होता. त्याने सहज हकीकत सांगितली. मावशी चहा गाळत होती. गाळणं कपावर तसंच धरून ती म्हणाली, "तारा किती आहेत?"

"एका पेटीतून चार नुसत्याच लोंबतात. दुसरीतून पाच."

"नऊ," मावशी म्हणाली आणि हसली. "पेट्यांबरोबर आलेली पुस्तकं घेऊन ये."

आता एक अडचण होती. समुद्र तिच्या घरापासून दहा मिनिटांवर, पण मावशी जन्मात बोटीवर चढली नव्हती. तिला बोट लागायची. धक्क्याला बांधलेल्या बोटीकडे नुसतं बघत राहिलं तरी तिला लिंबू हुंगावं लागे. लहानपणी झोपाळ्यावरून उतरून ती थेट मोरी गाठायची, असं तिची बहीण सांगते.

दोन दिवस मावशी भिंग घेऊन पुस्तकं वाचत बसली. मुंगीएवढी अक्षरं, त्यातून इंग्रजी, पण तक्ते तिला कळायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून डोकावून तिने मला सांगितलं, "अगं, सोपं आहे. प्रत्येक पेटीला एक बोलायची तार, एक ऐकायची तार. ह्याची बोलायची त्याच्या ऐकायच्या तारेला जोडायची. एक तार दोघांची सामाईक. झालं. आम्ही ह्याहून वाईट जोडलंय."

आणि लिंबू, पक्कड, तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी, मीटर असं सगळं पिशवीत घालून ती निघाली.

बोटीवर तिला कप्तानने एका हाताला आणि इंजिनवाल्याने दुसऱ्या हाताला धरून घेतलं. इंजिनवाला म्हणजे पन्नाशीचा, जाड मिशांचा, कप्तानच्या वडिलांपासून त्या बोटीवर असलेला माणूस. त्याचा कुठल्याही गोष्टीवर लगेच विश्वास बसतो. मावशीने डेकवर पाय ठेवला, बोट दोन बोटं हलली, मावशी मटकन खाली बसली आणि म्हणाली, "मी आता उठणार नाही. जे काय करायचं ते बसूनच."

तशीच सरकत सरकत ती केबिनमध्ये गेली. केबिन म्हणजे दोन माणसं आणि एक सुकाणू मावेल एवढी खोली. खिडकीखाली फळी, फळीवर दोन्ही पेट्या, त्यांच्या मागे तारांचं जंजाळ. ते जंजाळ बघितल्यावर मावशीचा चेहराच बदलला. लिंबू बाजूला राहिलं. एका पेटीची बोलायची तार पांढरी, ऐकायची तपकिरी. दुसरीची बोलायची पिवळी, ऐकायची निळी. तिने सोलल्या, पिळल्या, डाग दिला, गरम केली की आवळते ती नळी चढवली. पाऊण तासात सगळं झालं.

पेट्या चालू केल्या. काहीच नाही. सोनाराच्या पडद्यावर जिथे जागेचे आकडे यायला हवेत तिथे नुसत्या रेघा.

कप्तान हळूच म्हणाला, "तो टेक्निशियन म्हणाला होताच."

"तो गेला ना? मग त्याला जाऊ दे," मावशी म्हणाली आणि पुस्तक पुन्हा उघडलं. बराच वेळ एका ओळीवर बोट ठेवून बसली. मग खुदकन हसली. "हे बघ. एका कंपनीने 'ऐकायची' लिहिलंय ते स्वतःच्या बाजूने. दुसरीने लिहिलंय ते समोरच्याच्या बाजूने. आपण बोलणाऱ्याला बोलणाऱ्याशी जोडलं. दोघं बोलतायत, ऐकतंय कोण?"

इंजिनवाला म्हणाला, "आमच्या घरी असंच असतं."

तारा बदलल्या. आता रेघा जाऊन चित्रविचित्र अक्षरं आली, ठिपके आणि उद्गारचिन्हं. मावशीला एवढ्यावरच आनंद झाला. काहीतरी पोचतंय, म्हणजे तार बरोबर आहे. मग भानगड वेगाची. तिने दोन्हींच्या पडद्यांवरची सेटिंगची पानं उघडून बघितली. जीपीएस अडतीस हजार चारशेच्या वेगाने बोलत होता, सोनार अठ्ठेचाळीसशेच्या वेगाने ऐकत होता. तिने जीपीएसला अठ्ठेचाळीसशेवर आणलं, जसं घाईघाईने बोलणाऱ्या माणसाला आपण हाताने खूण करून थोपवतो तसं.

आणि सोनाराच्या पडद्यावर आकडे उमटले. अक्षांश, रेखांश, एकेक अंक स्वच्छ.

मावशीला हसू आलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग ती फळीला धरून हसायला लागली. कप्तानला कळेना काय करावं, मग तोही हसायला लागला. इंजिनवाल्याला काय झालंय हे अजून कळलं नव्हतं, पण तो सगळ्यांत मोठ्याने हसत होता. शेजारच्या बोटीवर जाळं विणणारा माणूस उठून उभा राहिला.

"आता इंजिन लाव," मावशी डोळे पुसत म्हणाली.

इंजिनवाल्याने इंजिन लावलं आणि धावत केबिनमध्ये आला. सोनाराचा पडदा गच्च भरला होता. वरपासून खालपर्यंत मासे. ह्या यंत्रात माशाच्या जागी छोटी माशाची आकृती येते, आणि मासा दिसला की ते टींग वाजतं. आता ते टींगटींगटींग असं थांबेचना. तळ तीन मीटरवर, आणि तेवढ्या पाण्यात, आकृत्यांवर विश्वास ठेवायचा तर, बोटीच्या वजनाएवढे मासे.

मावशी काही बोलण्याआधी इंजिनवाला बाहेर गेला होता. त्याने शेजारच्या बोटीला फक्त एवढंच सांगितलं, "आमच्या खाली भरलंय." शेजारच्याने पलीकडच्याला सांगितलं. पाचच मिनिटांत गोदीतल्या चार बोटींवरून गळ पाण्यात पडले होते, एकाने हातजाळं फेकलं, आणि बर्फाच्या कारखान्यातली माणसं हातातलं काम टाकून धक्क्याच्या कडेला येऊन उभी राहिली. पहिल्या खेपेला एक चप्पल निघाली. दुसऱ्या खेपेला प्लॅस्टिकची खुर्ची, चारही पाय शाबूत.

मावशी आत गडबडा लोळायची बाकी होती. कप्तान तिला विचारत होता, "मावशी, मासे आहेत का नाहीत?" आणि तिला बोलताच येईना. ती नुसती इंजिनाकडे बोट दाखवत होती.

शेवटी तिने इंजिनवाल्याला बोलावून इंजिन बंद करायला लावलं. मासे गेले. लावायला लावलं, मासे आले. पुन्हा बंद, पुन्हा गेले. इंजिनवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हा इंजिनाचा आवाज आहे," ती कशीबशी म्हणाली. "आपल्या कानांना नाही, तारेला ऐकू येणारा. तळाच्या गोळ्याची केबल कुठून आणलीये?"

फळ्या उचलून बघितलं. टेक्निशियनने तळाची केबल इंजिनाच्या बॅटरी भरणाऱ्या जाड तारेला पट्ट्यांनी नीट, दर वीतभर अंतरावर, आवळून बांधली होती. काम फार देखणं होतं. मावशी पोटावर आडवी झाली, आणि तिने एकेक पट्टी कापली. केबल पलीकडच्या बाजूने फिरवली. लांबी जास्त झाली ती कापली नाही, गुंडाळून खिळ्याला अडकवली, कारण पुस्तकात तीन ठिकाणी लिहिलं होतं की ही केबल कापायची नाही. मग इंजिन लावलं. पडदा स्वच्छ. तीन मीटर पाणी, चिखलाचा तळ, मासा एकही नाही. धक्क्यावरची माणसं पांगली. खुर्ची इंजिनवाल्याने ठेवून घेतली.

ह्या गोंधळाची बातमी घरापर्यंत गेली होती. म्हणून भावोजी काठी टेकत आले. गुडघ्यामुळे त्यांनी समुद्र सोडून चार वर्षं झाली होती. धक्क्यावर उभं राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चपला सापडतात म्हणे तुमच्या सोनाराला. माझा खडक सापडेल का?"

भावोजींचा खडक ही त्या घरातली दुखरी जागा होती. समुद्राचा तळ तिथे सगळा सपाट चिखलाचा, पण एका ठिकाणी घराएवढा खडक वर आलेला आहे, आणि त्याच्या आडोशाला मोठा मासा असतो. भावोजींना तो त्यांच्या काकांनी दाखवला होता. तिथे जायची खूण अशी की विटांच्या कारखान्याची चिमणी आणि पाण्याची टाकी एका रेषेत आणायची, आणि दुसरीकडे दीपगृह टेकडीच्या खाचेत बसवायचं. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खडक. नऊ वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला, चिमणी पाडली, आणि भावोजींचा खडक हरवला. त्यांनी पुष्कळ शोधला. समुद्रात शंभर पावलं चुकली तरी चुकलंच.

"चिमणीच नाही," भावोजी म्हणाले. "यंत्र काय करणार?"

मावशी डेकवर बसल्या बसल्या म्हणाली, "चिमणी कुठे होती ते मला विचारा ना, भावोजी."

"तुला काय माहीत?"

"तिच्या बुडाला माझा जॉइंट आहे. कारखान्याला फोन मीच दिला. बारा दिवस त्या खड्ड्यात बसले होते, पाठ चिमणीला टेकून. खड्ड्यावरचं लोखंडी झाकण अजून तिथंच आहे."

भावोजींनी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. नऊ वर्षं ते ह्या खडकाच्या खुणांबद्दल घरात कुणाशी बोलले नव्हते, कारण जागा कुणाला कळू नये. आणि मेहुणीला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आणि कप्तान जुन्या कारखान्याच्या जागी गेले. तिथे आता गोदामं आहेत. दोन गोदामांच्या मधल्या गवतात ते झाकण होतं. मावशी त्यावर उभी राहिली आणि मोबाइलवर त्या जागेचे आकडे घेतले. मग पाण्याच्या टाकीखाली जाऊन तिचे घेतले. दोन्ही जागा जीपीएसमध्ये भरल्या. कल्पना तिचीच. समुद्रावर असताना जीपीएस सांगतो, अमुक जागा तुमच्यापासून कुठल्या दिशेला, किती अंशांवर आहे. ज्या क्षणी चिमणी आणि टाकी दोन्हींची दिशा एकच येईल, त्या क्षणी आपण भावोजींच्या रेषेवर. मग चिमणी डोळ्यांना दिसायची गरज नाही.

"तू येणार ना?" कप्तानने विचारलं.

"मी मरेन," मावशी म्हणाली. आणि सकाळी सात वाजता सगळ्यांच्या आधी धक्क्यावर हजर होती.

भावोजीही आले. त्यांनी आपली जुनी दोरी आणली होती. तिच्या टोकाला शिशाचा जड गोळा, गोळ्याच्या बुडाला खळगा, आणि खळग्यात साबण भरलेला. हे सोडलं की तळावर जे असेल ते साबणाला चिकटून वर येतं. यंत्र काहीही सांगो, ते म्हणाले, मी माझं बघेन.

बंदराच्या बाहेर पडल्याबरोबर मावशीला बोट लागली. तिने बादली जवळ घेतली, आणि बादलीपुढे बसूनच दोन्ही पडदे बघत राहिली. कप्तान सुकाणूवर. ती आकडे वाचत होती. "चिमणी एकशे चार. टाकी एकशे सात." मग बादली. "चिमणी एकशे पाच. टाकी एकशे सहा. थोडं डावीकडे घे." पुन्हा बादली. भावोजी बाहेर उभे राहून दीपगृहाकडे बघत होते. "अजून खाचेत नाही. अजून नाही. आता बसतंय."

"दोन्ही एकशे साडेपाच," मावशी म्हणाली.

सोनारावर तळाची रेघ अठ्ठावीस मीटरवर सरळ चालली होती, इस्त्री केल्यासारखी. कप्तानने वेग कमी केला. मग ती रेघ सव्वीसवर आली. मग बावीस. मग एकदम उभी चढली, जाडजूड, एकोणीस मीटर, आणि तिच्या बाजूला माशांच्या ठसठशीत आकृत्या, आणि यंत्र वाजलं, टींग.

इंजिनवाला म्हणाला, "इंजिन बंद करून बघू का?" कारण तो एकदा फसला होता. त्याने बंद केलं. मासे तसेच होते.

"बटण दाब," मावशी कप्तानला म्हणाली. त्याने दाबलं. नकाशावर एक छोटा लाल ठिपका बसला, आणि ठिपक्याशेजारी १९ असा आकडा. सोनाराने खोली सांगितली होती, जीपीएसने जागा सांगितली होती, आणि दोघांचं एकमेकांनी ऐकलं होतं.

भावोजींनी दोरी सोडली. गुडघा विसरून ते कठड्यावर ओणवे झाले होते. एकोणिसाव्या मीटरला शिसं ठक्कन टेकलं, ते त्यांच्या हाताला कळलं. वर ओढून त्यांनी साबण उलटा करून बघितला. चिखल नाही. खरखरीत वाळू, शिंपल्याचा चुरा, आणि खडकाचा एक लालसर तुकडा. त्यांनी तो बोटाने चोळला, वास घेतला, आणि मावशीपुढे धरला.

"तोच," ते म्हणाले. एवढंच.

मावशीचं मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला माहीत नाही. इंजिनवाला अजून सांगतो की त्या हसतायत की ओकतायत हे आम्हाला कळत नव्हतं, आणि बहुतेक त्यांनाही कळत नव्हतं. बादलीत तोंड, बादलीतून हसू, त्याला बादलीचा घुमारा. तोंड वर केलं की चेहरा हिरवा आणि डोळे चमकतायत. भावोजी, ज्यांना मी वीस वर्षांत हसताना बघितलं नाही, ते डेकवर फतकल मारून बसले आणि काठीने फळी बडवत हसत होते. बोट तिथल्या तिथे गोल फिरत होती, कारण कप्तानने सुकाणू सोडून दिलं होतं.

यंत्राने ठिपक्याला नाव विचारलं. कप्तान म्हणाला, "चिमणी लिहू?"

भावोजी ताबडतोब गंभीर झाले. "म्हणजे सगळ्यांना कळेल. असं नाव दे की कुणाला जावंसंच वाटू नये. दाताचा दवाखाना लिही."

त्या दिवशी चार गळांना सात मोठे मासे लागले, त्यातला एक इंजिनवाल्याच्या मांडीएवढा. परतताना दुसरी बोट जवळून गेली तेव्हा भावोजींनी खांद्यावरचा टॉवेल काढून जीपीएसवर टाकला आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले.

ह्याला आता सात महिने झाले. मावशीने आतापर्यंत अकरा बोटींवरच्या पेट्या जोडून दिल्यात. तिचं बोट लागणं काडीचंही कमी झालेलं नाही, ते गृहीत धरूनच लोक तिला न्यायला येतात. तो टेक्निशियनही एकदा घरी आला. चांगला माणूस आहे. बाहेरच्या पायरीवर बसून त्याने वहीत सगळं उतरवून घेतलं, कुठली तार कुणाच्या बाजूने बोलायची आणि कुठली ऐकायची, आणि जाताना म्हणाला, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

परवा मोठ्या बोटीचा एक मालक तिच्याकडे रडारचं पुस्तक ठेवून गेला. सकाळी मी भिंतीवरून विचारलं, जमेल का? ती ओट्यावर पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती, भिंग कपाळावर चढवलेलं.

"तेरा तारा आहेत गं," मावशी म्हणाली, आणि तिचे खांदे हलायला लागले.